छत्रीचे वटवाघूळ

सोलापुरात छत्री पावसापेक्षा उन्हानेच लवकर म्हातारी होते. चार उन्हाळे डोक्यावर धरली की काळे कापड विटते, दांडा ढिला पडतो आणि ती कपाटामागे जाऊन उभी राहते. मग ती उघडवतही नाही आणि टाकवतही नाही. भाचरांना वटवाघूळ करायचे होते, तेव्हा दुकानातून काळा कार्डपेपर आणण्याऐवजी मी ही छत्री पुढे केली. कागदाचा पंख कापला की झाला. पण त्यात हाडे नसतात, आणि वटवाघळाच्या पंखात पाहण्यासारखे जे आहे ते हाडांतच आहे.

तो पंख म्हणजे मुळात हात. चार बोटे कमालीची लांब झालेली, त्यांच्यामध्ये ताणून बसलेली पातळ कातडी, आणि पुढच्या कडेला नख असलेला मोकळा अंगठा, अशी त्याची रचना असते. छत्रीला काड्या आठ, म्हणजे एका पंखाला चार आणि दुसऱ्याला चार, असा सुरेख हिशोब जुळला. काड्या दांड्यापासून सोडवणे आणि त्यांची टोके पकडीने वळवून बोथट करणे ही कामे मात्र मोठ्या माणसाने करावीत. मग काड्यांसकट कापडाचे बरोबर दोन भाग केले आणि शेवटच्या काडीपलीकडे उरलेली कापडाची कड थेट धडाला शिवून टाकली. खऱ्या वटवाघळातही करंगळीपासून पायापर्यंत कातडी अशीच पसरलेली असते. अंगठ्याला तारेचा तुकडा पुरला.

धडासाठी सुताचा रिकामा पुठ्ठ्याचा कोन घेतला. यंत्रमागांच्या गावात तो मागायला फार लांब जावे लागत नाही. जुन्या चादरीच्या तांबूस दशा मानेभोवती चिकटवल्या. पंख जोडून झाल्यावर भाची नाराज झाली, "मावशी, हे तर सगळे पंखच झाले!" तिची तक्रार खरी होती, पण आमचे माप चुकले नव्हते. आपल्याकडच्या मोठ्या फळखाऊ वटवाघळाचे अंग असेच वीत-दीड वीत असते आणि पसरलेल्या पंखांची लांबी 1 मीटरच्या वर जाते. डोळ्यांना कोटाची मोठी बटणे लावली, कारण हे वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवर नव्हे, तर डोळ्यांवर आणि वासावर विसंबून फळे शोधते. किडे खाणारे लहान वटवाघूळ केले असते, तर डोळे मोहरीएवढे आणि कान भलेमोठे करावे लागले असते.

पाय म्हणून तारेचे दोन आकडे लावले. वटवाघूळ लटकते तेव्हा त्याच्याच वजनाने स्नायूबंध ताणला जाऊन नख्या आवळल्या जातात, त्यामुळे झोपेतही पकड सुटत नाही. आमचेही दोरीवर तसेच, आपल्याच भाराने टिकले. घरात वटवाघूळ अशुभ म्हणून आईने ते गॅलरीत हलवायला लावले, आणि जाता-येता त्याची मान सरळ करते तीही तीच. छत्रीचा दांडा मात्र शिल्लक आहे. त्याचे काय करायचे यावर मुलांचे अजून एकमत झालेले नाही.