'एशियन इंडियन' की 'अमेरिकन इंडियन'?

आज दिवसभर अमेरिकेतल्या मेडिकलचे अर्ज तपासले. एएमकॅस म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांची सामायिक अर्ज-सेवा. तिच्या अर्जात वंशाचा रकाना ऐच्छिक असतो, एकाहून जास्त पर्यायही निवडता येतात. घोळ होतो तो 'इंडियन' शब्दावर. घाईत 'अमेरिकन इंडियन'वर खूण पडते, पण तो पर्याय तिथल्या मूळ रहिवाशांचा. आपला पर्याय 'एशियन'खाली येतो. आई मराठी, बाबा गोरे असतील तर 'एशियन' आणि 'व्हाइट' अशा दोन्ही खुणा बिनधास्त करा, दोन्ही खऱ्याच आहेत.

२९ जून २०२३ च्या अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नुसत्या खुणेचं वजन प्रवेशात धरता येत नाही. त्या ओळखीने आपण कसे घडलो, हे लिहायला मात्र मुभा आहे. अर्जातल्या ५,३०० अक्षरांच्या निबंधात 'आम्ही घरी गणपती बसवतो' एवढंच नको. आजीला डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगताना 'बायोप्सी'पाशी अडलात ना? तेच लिहा.