तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी नावं लक्षात ठेवायची कशी?

"फॅन्टसी हातात घेतो, पण पहिल्या पन्नास पानांतच गाडी अडते. एवढी नावं, राज्यं, शब्द तुमच्या लक्षात राहतात तरी कसे?" मला हे नेहमी विचारलं जातं. खरं उत्तर असं की ते राहत नाहीत, आणि सुरुवातीला राहावेत अशी बहुतेक लेखकांचीही अपेक्षा नसते.

उदाहरणासाठी आत्ताच रचलेलं एक वाक्य घ्या: 'दाराने तिला ओळखलं नाही, म्हणून ती रात्रभर पावसात बसून राहिली.' एरवीच्या कथेत ही प्रतिमा वाटेल. फॅन्टसीत किंवा विज्ञानकथेत ते शब्दशः घ्यायचं. म्हणजे इथली दारं माणसं ओळखतात. ओळखायचं तर कुठेतरी नोंद असणार, आणि तिची नोंद गेलेली आहे. दार आतून उघडून देणारं कुणी नाही, किंवा असूनही त्याला तेवढा अधिकार नाही. एका ओळीत त्या जगाची सत्ता कुणाकडे आहे हे डोकावून गेलं, तेही काहीच न समजावता. मला या वाचनात सर्वांत जास्त आनंद इथे मिळतो. अडणारा वाचक मात्र नेमका इथेच थांबतो आणि ते दार कसं चालतं ते शोधत बसतो. थांबू नका. प्रश्न तसाच मनात ठेवून पान उलटा. उत्तर बहुधा पुढच्या एखाद्या भांडणात नाहीतर जेवणाच्या प्रसंगात सहज येऊन जातं.

अनोळखी शब्द तीनदा आला, तरच त्याची दखल घ्या. तोवर संदर्भाने अंदाज बांधता येतो, आणि तरीही नाही कळला तर शेवटची शब्दसूची उघडा. 'ड्यून' (1965) या विज्ञान-कादंबरीला अशी सूची आहे, 'द फिफ्थ सीझन' (2015) या फॅन्टसी कादंबरीलाही आहे. पण ती आधीच पाठ करायला बसलात, तर कादंबरीचा अभ्यासक्रम होतो.

नावांसाठी अर्धा कागद पुरतो, तोच बुकमार्क. एखादं पात्र दुसऱ्यांदा समोर आलं की मगच ते टिपायचं, आणि नावापुढे तीनच गोष्टी: कोण, कुणाचं, काय हवंय. तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण 'सेनापती' विसरतो, पण 'भावाचं सिंहासन हवंय' सहसा विसरत नाही. दहा-बारा नावांवर यादी गेली, तर तुम्ही द्वारपालही टिपताय असं समजा. ई-बुकात नाव शोधून मागचे उल्लेख पाहता येतात, पुढचे पाहू नका. इंटरनेटवर तर पात्राचं नाव टाकूच नका. पहिल्याच ओळीत त्याचा मृत्यू कळण्याचा धोका असतो.

प्रस्तावनेतलं प्रकरण, म्हणजे प्रोलॉग, बहुतेकदा कळत नाही. शंभर पानं झाली की परत वाचा.

मालिका कुठल्या क्रमाने वाचायची? प्रकाशनाच्या. आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथा-मालिकेची मूळ तीन पुस्तकं 1951 ते 1953 मधली. कथेच्या काळानुसार त्यांच्या आधी घडणारं पुस्तक 1988 मध्ये आलं. ते लिहिलं गेलं तेव्हा मूळ पुस्तकं वाचकांच्या हाती कित्येक वर्षं होती, त्यामुळे ते आधी वाचलं की त्यातल्या अनेक जागा फुकट जातात. आधी काय कळावं नि मागाहून काय, हे ठरवण्यातच अर्धी कथा असते. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' ही चिनी विज्ञान-कादंबरी पाहा. 2006 मध्ये चिनी मासिकातून क्रमशः आली तेव्हा ती सांस्कृतिक क्रांतीतल्या, म्हणजे माओच्या काळातल्या राजकीय हिंसाचाराच्या, प्रसंगाने सुरू व्हायची. 2008 च्या चिनी पुस्तकात तो प्रसंग आत सरकवला गेला, आणि 2014 च्या इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने पुन्हा पहिल्या पानांवर आला. घटना त्याच, पण सुरुवातीलाच तो हिंसाचार पाहिलेला वाचक पुढचं सगळं वेगळ्या नजरेने वाचतो.

फॅन्टसीत आणखी एक प्रश्न जवळ ठेवा: इथे जादूची किंमत कोण मोजतं? वापरणारा थकतो, वय गमावतो, की भलत्याच कुणाचा जीव जातो? हे सापडलं की कोण कुणाला का घाबरतं ते आपोआप उलगडतं. किंमतच नसेल, तर दोनशे पानांनंतर पुस्तक खाली ठेवायला माझी हरकत नाही.

पुढचा खंड वर्षांनी येणार असेल, तर संपवलेल्या दिवशीच त्या कागदामागे पाच ओळी लिहून ठेवा: कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे आणि कोणतं गुपित कुणाला ठाऊक आहे. घटनांचे सारांश कुठेही मिळतात. गुपित कुणापर्यंत पोचलंय हे त्यांत क्वचितच असतं, आणि पुढच्या खंडाचं पहिलंच प्रकरण बहुधा त्यावरच उभं असतं.