तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोरीचा रिपोर्ट

दिवाळी उलटते, धान मळून घरात येतं आणि सोयरिकीची बोलणी सुरू होतात. त्या दिवसांत आमच्या आरोग्य उपकेंद्रात बीपी मोजून घ्यायला येणारी माणसं वाढतात. पट्टा सोडला, आकडा सांगितला तरी माणूस उठत नाही. आशाताई बाहेर गेली की आवाज खाली येतो, "सिस्टरबाई, त्या पोरीले सिकल तं नाई न जी? तेवढंच सांगा, दुसरं काई नको." सिकल म्हणजे सिकल सेल, आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार. विचारणारा कधी मुलाचा मामा असतो, कधी आत्या, कधी मध्यस्थ. मी नाही म्हणते. मग तोच प्रश्न दुसऱ्या तोंडून परत येतो: रजिस्टर तुमच्याकडे, तुम्हाला माहीत आहे, तुमच्या एका शब्दाने एक लेकरू वाचेल, मग सांगत का नाही?

नियम आहे, हे खरं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या आचारसंहितेत गुप्तता आहे. दिवा लावून घेतलेल्या नाइटिंगेल प्रतिज्ञेतही ती आहे. १८९३ साली अमेरिकेत लिहिलेल्या त्या प्रतिज्ञेत रुग्णाच्या खासगी गोष्टींसोबत कामाच्या ओघात कळलेल्या घरच्या गोष्टींचाही उल्लेख आहे. सोयरीक ही घरचीच गोष्ट. पण एवढ्याने तुमचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही.

तुम्ही जे मागता ते नेमकं काय आहे, ते आधी बघा. शिबिरात होते ती नळीची तपासणी, सोल्युबिलिटी. बोटातलं २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे बारीकसा थेंब, २ मिलिलिटर द्रावणात टाकायचं, हलवायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढुळात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात एस, म्हणजे सिकलचं, हिमोग्लोबिन आहे, इतकंच. ती वाहक आहे, म्हणजे एएस, दोष एकाच पालकाकडून आलेली, की आजारी, म्हणजे एसएस, दोष दोघांकडून आलेली, हे नळी सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी लागते. निगेटिव्हवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. पोरीचं हिमोग्लोबिन पाच-सहावर असेल तर थेंबात एस कमी पडतं आणि द्रावण स्वच्छ राहतं. द्रावण जुनं झालं असेल तरी तेच. हल्ली रक्त चढवलं असेल तर तिच्या रक्तात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं, म्हणून तीन महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असल्यामुळे नळी फसवते.

थॅलेसीमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं, तर कोणी विचारतच नाही. बीटा थॅलेसीमियाचा वाहक नळीत अगदी स्वच्छ निघतो. त्याचं लग्न सिकल वाहकाशी झालं तर दोघांकडून एकेक दोष घेतलेलं लेकरू आजारी होऊ शकतं. लेकरू आजारी निघालं आणि अशा बापाची नळी निगेटिव्ह आली की घरात लगेच बाईवर संशय घेतला जातो. दोघांची एचपीएलसी होईपर्यंत तिथे कोणत्याही नर्सने तोंड उघडू नये. अर्ध्या तपासणीवर बोललेलं एक वाक्य त्या बाईला माहेरी पाठवू शकतं.

आता हिशोब. पोरगी एएस आणि पोरगा साधा, म्हणजे एए, असेल तर एकही लेकरू एसएस होत नाही. वाहक होण्याची शक्यता रुपयात आठ आणे. दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात चार आणे एसएस, आठ आणे वाहक, चार आणे निखळ. प्रत्येक बाळंतपणात, हे लक्षात ठेवा. एक आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली, असं होत नाही. तेव्हा एकट्या पोरीच्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही, आणि या प्रश्नासाठी आलेल्या कोणीही आपल्या पोराचं सिकल तपासणीचं कार्ड सोबत आणलेलं मी पाहिलं नाही. याचा मला राग येतो. एएस असलेली पोरगी तुमच्यासारखीच निरोगी असते. रोवणी करते, तेंदूपत्ता तोडते, तिला औषध लागत नाही. पण "सिकलवाली" हा शब्द एकदा गावात फिरला की तिच्या धाकट्या बहिणीचंही जमत नाही. मोडलेल्या सोयरिकीतला पोरगा दुसरीकडे लग्न करतो, तिथेही स्वतः तपासत नाही.

शिवाय माझं गप्प राहणंही बोलतं. साध्या रिपोर्टच्या पोरीबद्दल "काही नाही हो, करा" म्हटलं आणि वाहक पोरीबद्दल "मला सांगता येत नाही" म्हटलं, तर सांगता येत नाही याचा अर्थ दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळतो. म्हणून निखळ पोरीचंही सांगायचं नाही. तोच चेहरा, तेच वाक्य. त्यामुळे कधीकधी निरोगी पोरीवरही संशय येतो आणि तिची आई माझ्याशी भांडते. तिचं चुकत नाही. पूर्वी मला वाटायचं की "जरा नाजूक आहे पोर" एवढं सुचवलं तर गुप्तताही राहील आणि कामही होईल. आज मला तो रिपोर्ट सांगण्याचाच प्रकार वाटतो, वर जबाबदारी टाळण्याचाही. तेच रजिस्टरचं. लाल शाईने खूण केलेलं नाव, टेबलावर उघडं पडलेलं पान, शाळेत मोठ्याने वाचलेली यादी, मोबाइलवर काढलेला यादीचा फोटो: यातून जितकं फुटतं तितकं कोणाच्या तोंडून फुटत नाही. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. लहान असेल तर आईबापाच्या. खूण करायचीच तर कोडची, एका शाईत.

इथपर्यंत मी खंबीर आहे. पुढचं तसं नाही.

आदिवासी भागात एक उपकेंद्र ३,००० लोकांसाठी, इतरत्र ५,००० साठी. म्हणजे सोयरिकीतली दोन्ही गावं पुष्कळदा एकाच नर्सच्या रजिस्टरमध्ये असतात. एका जोडीचं तसंच होतं. पोरगी एएस, पोरगा एएस, दोन्ही एचपीएलसीने पक्के, दोन्ही माझ्याच अक्षरात. साक्षगंधाचं कळलं तेव्हा नियमात बसणारं सगळं केलं. पोरीला एकटीला बसवून तिचा रिपोर्ट पुन्हा समजावला आणि सांगितलं, होणाऱ्या नवऱ्याचं कार्ड मागून घे. पोराला त्याच्या गावी त्याचा रिपोर्ट समजावला, तेच सांगितलं. दोघं सोबत आले तर दोघांच्या परवानगीने एकत्र बसू, असंही दोघांना सांगितलं. पोरीच्या आईने ओठांवर बोट ठेवलं. पोराच्या घरी कार्ड पेटीच्या तळाशी गेलं. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, ती रेघ मी ओलांडली नाही. वैशाखात लग्न लागलं.

जानेवारीत दोघं मिरची तोडायला तेलंगणात गेली. परतली तेव्हा तिला २२ आठवडे झाले होते. गर्भाची वारेतून तपासणी होते ती साधारण १० ते १२ आठवड्यांत. ती वेळ तिकडे मिरचीच्या रानात निघून गेली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा काही ठरावीक परिस्थितींत, दोन डॉक्टरांच्या मताने, २४ आठवड्यांपर्यंत जातो. त्यापुढे गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. हातात दोन आठवडे. नागपूर, नमुना, अहवाल, बसभाडं, बुडालेली मजुरी. त्या दिवशी दोघांनी एकमेकांची कार्डं पहिल्यांदा माझ्यासमोर पाहिली. नवरा म्हणाला, जे होईल ते होवो. आधी कळलं असतं तरी त्यांनी तेच ठरवलं असतं, असंही शक्य आहे. पण ठरवायला वेळ मिळाला नाही.

बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा त्याचे दोन्ही हात आणि पाय वरून सुजले. हात लावला की किंचाळायचं. घरच्यांनी आधी विंचू समजून तेल-हळद केली. सिकलचं पहिलं लक्षण लहान लेकरात पुष्कळदा हेच असतं. हाताच्या आणि पायाच्या बारीक हाडांत रक्त अडतं. आम्ही भरपूर पाजायला सांगितलं, ऊब द्यायला सांगितली, पॅरासिटामॉल दिलं, ताप बघितला आणि पुढे पाठवलं. एचपीएलसी आली: एसएस.

मग बाळाची आजी आली. पोराची आई, जिने कार्ड पेटीत टाकलं होतं तीच. दारातच उभी राहिली. "तुमाले मालूम होतं न बाई? दोघायचंबी मालूम होतं. मंग सांगतलं काऊन नाई?"

मी हो म्हटलं. दुसरं काही बोलता आलं नाही.

त्यानंतर मी माझ्या बाजूने पुष्कळ कारणं जोडली. सांगितलं असतं तर पुढच्या शिबिराला कोणी बोट पुढे केलं नसतं, हे खरंच आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात जोडीदाराला कळवण्याची वाट आखून दिली आहे: आधी समुपदेशन, त्या माणसाला तसं सांगून, आणि तेही फक्त डॉक्टरने किंवा समुपदेशकाने. नर्सने तिथेही नाही. तिथे जिवंत जोडीदाराला धोका असतो. सिकल वाहकाकडून नवऱ्याला किंवा बायकोला काही होत नाही. ज्याला होणार ते लेकरू तेव्हा जन्मलेलंही नसतं, त्याच्या वतीने कोणाची परवानगी मोडायची? हा युक्तिवाद मला पटतो. आजी समोर उभी असते तेव्हा पटत नाही.

तुम्ही कराल काय, तर एवढं करा. साक्षगंधाआधी, कुंकू लावण्याआधी, पोराला आणि पोरीला दोघांना सोबत घेऊन या. पोराचं बोट पहिलं पुढे करा. नळीवर थांबू नका, एचपीएलसी मागा, थॅलेसीमियाचंही त्यातच दिसतं. रक्त चढवलं असेल तर सांगा. दोघंही एएस निघाले तर लग्न करायचं की नाही हे त्या दोघांचं. केलंच तर पाळी चुकली की आठवड्याभरात या, पाचव्या महिन्यात नको. आणि हा अमक्या जातीचा आजार म्हणून जातीचं नाव काढू नका. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे एएस असणाऱ्यांची लेकरं तापातून जास्त वाचली, म्हणून हा दोष तिथे टिकला.

ते लेकरू आता चालतं. हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारं औषध, सुरू आहे, फॉलिक ॲसिड रोजचं, न्यूमोकोकलची लस झाली आहे. रोवणीच्या पावसात त्याला बांधावर न्यायचं नाही आणि ताप आला की घरी थांबायचं नाही, हे घरच्यांना पाठ आहे. फॉलिकच्या गोळ्या न्यायला आजीच येते. मी मोजून देते, ती तिथेच बसून पुन्हा मोजते, पदरात बांधते. तो प्रश्न तिने परत विचारलेला नाही. या वर्षी रजिस्टरमध्ये शेजारच्या दोन गावांची अशीच आणखी दोन नावं आहेत, आणि परवा एक मामा बीपी मोजायला येऊन गेला.