तुम्ही विचारलंत म्हणून

‘सहा वर्षं सासूबाईंचं सगळं केलंत, तरी खचला नाहीत, कसं जमलं?’ असे मला नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा कुणाला तरी नुकतेच डिमेन्शियाचे, म्हणजे सासूबाईंसारखेच स्मृती आणि भान हळूहळू हरवत जाण्याच्या आजाराचे, निदान झालेले असते, म्हणून खरे तेच सांगायला हवे. मी खचले होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पहाटे तीनला जाग येऊ लागली, अन्नावरची वासना उडाली, दाराची बेल वाजली तरी उठावेसे वाटेना. घरच्यांना तो शीण वाटला आणि मला स्वतःला वाटले की माझी मायाच आटली आहे. डॉक्टरांनी ‘हे नैराश्य आहे, यावर उपचार असतात’ असे सांगितले, तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. तुमची अवस्था अशी असेल, तर रुग्णाच्या पुढच्या तपासणीची वाट न पाहता स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. तेही लगेच जमत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेलि-मानस या फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही मराठीत बोलता येते.

गोळ्यांनी झोप आली, पण संध्याकाळ तशीच राहिली. पाच वाजले की सासूबाई पिशवीत लुगडे आणि फणी भरून दाराशी उभ्या राहत. ‘बाई, दिवेलागण झाली, आई वाट बघत असेल, मला घरी सोडा.’ ‘आई, हेच तुमचं घर’ असे मी वीस वेळा सांगत असे, त्या कडी ओढत, मी हात धरत असे आणि शेवटी दोघीही रडकुंडीला येत असू. समुपदेशक बाईंनी शिकवले, की वाद घालायचा नाही, शब्दांमागची भीती तेवढी ओळखायची. मग मी अंधारून येण्याआधीच दिवे लावू लागले आणि ‘जाऊ या, त्याआधी एवढी मेथी निवडून देता?’ म्हणत जुडी पुढे ठेवू लागले. त्या कधी पाने टाकून देठ ठेवत. मी काही बोलत नसे. रोज साधले असे नाही, पण साधले त्या दिवशी रात्री मला जेवण गेले.

हे शिकवायला दर वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असेही नाही. गोव्यात 81 कुटुंबांचा एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागार सहा महिने घरी येत राहिल्या आणि काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. लंडनमध्येही मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घेतलेल्या आठ बैठकांनी असाच फरक पडला. आपल्याकडे अशी माणसे गावोगावी का तयार करू नयेत, हा प्रश्न मला अजून छळतो.

राहिली गोष्ट विसाव्याची. ‘काही लागलं तर सांग’ असे सगळेच म्हणत आणि मी कधीच सांगत नसे. एकदा मात्र धीर करून नणंदेला म्हटले, ‘ताई, दर गुरुवारी चार ते सात तुम्ही आईंजवळ बसाल?’ पहिल्या गुरुवारी मी कुठेच गेले नाही. सोसायटीच्या बाकावर बसून आमच्या खिडकीकडे पाहत राहिले. सातला वर गेले, तेव्हा ताटात मेथी निवडलेली होती आणि दाराशी पिशवी तशीच भरलेली होती. आपली आई रोज असे घर मागते, हे ताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले होते. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘रविवारीही येऊ का?’