लिंबू-मिरची, मफलर आणि मॅगपाय: अण्णांसोबत कॉलिंगवूडच्या मागे

अण्णा मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नला आले आणि तिसऱ्या दिवशी कंटाळले. टार्नीटला आमच्या गल्लीत दुपारी दोन वाजता कुत्रंसुद्धा दिसत नाही. तिकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम ऐन रंगात, आणि अण्णा गेली पन्नास वर्षं पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे. संध्याकाळची मॅच फोनवर लावायचे, ती आमच्याकडे रात्री साडेनऊला सुरू व्हायची, आणि घरातली सगळी झोपायला जात असताना हॉलमधून "मार की लगा!" अशी आरोळी यायची. शेवटी म्हटलं, चला, इथल्या पेठांचा फुटबॉल दाखवतो.

इथला फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स, लोकांच्या तोंडी 'फूटी'. नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्येच लिहिले गेले आणि जुने क्लब उपनगरांच्या नावाचे: कॉलिंगवूड, रिचमंड, कार्लटन, एसेंडन. अण्णांना एवढंच सांगितलं की कॉलिंगवूड आणि रिचमंड म्हणजे आपल्या कोल्हापुरातली मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, तशीच चुरस. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

कॉलिंगवूडच का, तर नऊ वर्षांपूर्वी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या गृहस्थाने पहिल्याच हिवाळ्यात काळा-पांढरा मफलर माझ्या गळ्यात घातला होता. क्लबचं टोपणनाव मॅगपाय, त्याच रंगांच्या पक्ष्यावरून. नंतर कळलं की हा देशातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात नावडता क्लब. सभासद एक लाखाच्या वर, आणि उरलेली जनता त्यांच्यावर दात खाऊन. कोण कुणाचा, हे विचारायला इथे 'बॅरक' हा शब्द आहे: "हू डू यू बॅरक फॉर?" अमेरिकन सवयीने 'रूट' म्हणू नका. इथे त्याचा अर्थ फार वेगळा होतो. माझ्या तोंडून एकदा निघाला होता, भर मीटिंगमध्ये.

पहिला सामना शुक्रवार, १७ मार्चच्या रात्री, एमसीजीवर, आदल्या वर्षीच्या विजेत्या जिलाँगशी. प्रेक्षक ८६ हजारांवर. अण्णांना एमसीजी टीव्हीवरून पाठ. रहाणेने २०२० मध्ये शंभर केले ते हेच मैदान, हे त्यांनी ट्रेनमधल्या एका अनोळखी सरदारजींनाही सांगून झालं होतं. आत गेल्यावर पहिला प्रश्न: "खेळपट्टी कुठाय?" खेळपट्टी उचलून नेतात म्हटल्यावर विश्वास बसेना. ती मैदानाबाहेर तयार करून, क्रिकेटच्या दिवसांत आणून बसवतात आणि मोसम संपला की काढून नेतात. "म्हणजे आपल्या मांडवासारखं," अण्णा म्हणाले.

नियम आधी समजावून सांगायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो, पहिला क्वार्टर वाया गेला. एवढं पुरतं: एका बाजूला १८ जण, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेला तर गोल, सहा गुण. मधल्या आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. लाथ मारलेला चेंडू निदान १५ मीटर येऊन हवेतच झेलला तर 'मार्क', आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायला मिळते. त्या झेलासाठी एखादा दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून उडतो तेव्हा दहीहंडीचा तिसरा थरच दिसतो. चेंडूवाल्याला पकडलं आणि त्याने तो वेळेत सोडला नाही, तर सगळं मैदान एका आवाजात "बॉऽऽल!" ओरडतं. हे अण्णांना कबड्डीमुळे लगेच कळलं. त्यांनी "बॉल" न म्हणता "धरला!" म्हणायचं ठरवलं.

बिहाइंड मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. "चुकल्याचं बक्षीस कसलं?" स्कोअरबोर्डावर आधी गोल, मग बिहाइंड, मग एकूण गुण लिहितात. त्या वर्षीच्या फायनलला कॉलिंगवूडचे १२.१८, म्हणजे ९०, आणि ब्रिस्बेनचे १३.८, म्हणजे ८६. एक गोल कमी मारूनही कप आमचा. अण्णांनी कोल्हापुरातून फोन केला आणि हा हिशोब माझ्याकडून दोनदा करून घेतला.

जिलाँगला आपण २२ गुणांनी हरवलं. ('आपण' हा शब्द अण्णांनी तिसऱ्या क्वार्टरमध्ये वापरायला घेतला.)

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर. साध्या सामन्याला आरक्षण नसलेल्या जागेचं तिकीट आम्हाला तीस डॉलरच्या आत पडलं. पण पहिली फेरी, रिचमंड, कार्लटन, एसेंडन असे मोठे सामने असतील तर दहा-वीस डॉलर जास्त देऊन आरक्षित खुर्ची घ्या, नाहीतर जागा धरायला दीड तास आधी पोचावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सगळ्यात वरचा मजला टाळा. तिथून खेळाची मांडणी झकास दिसते, पण पायऱ्या कड्यासारख्या उभ्या. दुपारच्या सामन्याला शेन वॉर्न स्टँडच्या खालच्या रांगांत ऊन थेट तोंडावर येतं. सूर्य इथे उत्तरेला असतो, हे आपण दरवेळी विसरतो. रात्रीच्या सामन्याला मार्चमध्येसुद्धा शाल हवी. वीस मिनिटांचा क्वार्टर प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा होतो, कारण थांबलेला वेळ वाढवून देतात, म्हणजे सगळं मिळून अडीच तासांच्या वर बसायचं आहे.

घरचं खाणं आत नेता येतं, काच, कॅन आणि दारू सोडून. आमच्याकडे चपातीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी होती. तरी एकदा मीट पाय खाऊन बघाच, वर टोमॅटो सॉस पिळून. अण्णांनी एक घास खाल्ला, आतला रस्सा शर्टावर सांडला, आणि "ह्याच्यात मसाला घालायचा विसरलेत" असा निकाल दिला. सामना सुटल्यावर जोलिमाँट किंवा रिचमंड स्टेशनच्या गर्दीत घुसू नका. विल्यम बराक पुलावरून बिरारुंग मार बागेतून चालत फ्लिंडर्स स्ट्रीटला या. वीसेक मिनिटं लागतात, वयस्कर माणसाला अर्धा तास, पण रमतगमत होतं. दोन्ही क्लबांचे लोक शेजारी-शेजारी बसतात आणि एकाच पुलावरून परततात. अण्णांना सगळ्यात नवल याचं वाटलं.

पुढच्या शनिवारी पोर्ट ॲडलेडला ७१ गुणांनी धुतलं. एवढा एकतर्फी सामना की तिसऱ्या क्वार्टरला अण्णांना डुलकी लागली. त्या दिवशी बघण्यासारखं होतं ते सुरुवातीलाच: चिअर स्क्वॉडने, म्हणजे क्लबच्या कट्टर समर्थकांच्या गटाने, क्रेप कागदाचं भलंमोठं बॅनर उभं केलं. ते चिकटवण्यात स्वयंसेवकांच्या संध्याकाळी जातात, आणि खेळाडू ते फाडून पळत आत येतात. पाच सेकंदांत चिंध्या. ३१ मार्चला रिचमंडला १४ गुणांनी हरवलं. ६ एप्रिलचा ब्रिस्बेनशी सामना त्यांच्या शहरात, गब्बावर. ईस्टरचं विमानभाडं बघून आम्ही तो घरीच पाहिला आणि ३३ गुणांनी हरलो. अण्णांच्या मते ही दृष्ट होती.

म्हणून ॲडलेडला निघताना त्यांनी गाडीत आरशाला लिंबू-मिरची बांधली.

ॲडलेडला 'गॅदर राउंड' होता. त्या वर्षी पहिल्यांदाच एका फेरीतले नऊच्या नऊ सामने साउथ ऑस्ट्रेलियात ठेवले होते. आमचा रविवारी, १६ एप्रिलला, ॲडलेड ओव्हलवर सेंट किल्डाशी. रस्त्याने सव्वासातशे किलोमीटर: बॅलरॅट, हॉर्शम, निल, बॉर्डरटाउन, मरे ब्रिज. आठ तास धरा, आणि अंधार पडायच्या आत पोचा. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. शहरातल्या हॉटेलांचे भाव त्या आठवड्यात ऐकवत नाहीत. आम्ही अलीकडे पाऊण तासावर मरे ब्रिजला मोटेल घेतलं. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी खोली धरा, तिकीट मागाहून. आणि घड्याळ अर्धा तास मागे करा. अण्णांचं म्हणणं, अर्ध्या तासाची भानगड आपल्याशिवाय कुणी करत असेल असं वाटलं नव्हतं.

आता लिंबू-मिरचीचं. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीच्या भीतीने बाहेरची ताजी फळं आणि बऱ्याच भाज्या नेता येत नाहीत. सीमेआधी मोठ्या पाट्या आणि कचऱ्याचे डबे असतात, अधूनमधून गाड्या तपासतात आणि दंड सणसणीत आहे. मी केळी टाकली, टोमॅटो टाकले, आणि आरशाकडे बघितलं. एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या. दोन्ही यादीत बसणाऱ्या.

"अण्णा, हे पण टाकावं लागणार."

"ते काय खायला बांधलंय होय?"

"माशीला ते कळत नाही."

अण्णा खाली उतरले, दोरा सोडला, लिंबू कपाळाला लावलं आणि डब्यात टाकलं. मागच्या गाडीतून उतरलेली कॉलिंगवूडचा टी-शर्ट घातलेली बाई हातात सफरचंदांची पिशवी घेऊन थांबून बघत होती. तुम्ही जाणार असाल तर शिजवलेलं, भाजलेलं, कोरडं न्या. थालीपीठ, चटणी, चिवडा यांना कुणी हात लावत नाही.

बॉर्डरटाउनच्या पुढे रस्ता सरळसोट आहे, बोलायला वेळ मिळतो. तिथे अण्णांना निकी विनमारबद्दल सांगितलं. १७ एप्रिल १९९३ ला कॉलिंगवूडच्या जुन्या मैदानावर, व्हिक्टोरिया पार्कवर, सेंट किल्डाच्या या आदिवासी खेळाडूला कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांनी वर्णावरून शिव्या दिल्या. सामना सेंट किल्डाने जिंकला. विनमारने जर्सी वर केली आणि आपल्या कातडीवर बोट ठेवून प्रेक्षकांकडे बघितलं. तो फोटो इथे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आम्ही चाललो होतो तो सामना याच दोन क्लबांचा, तीस वर्षांना एक दिवस कमी. आणि हे काही जुनंपुराणं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. २०२१ मध्ये क्लबनेच करवून घेतलेल्या अहवालात वंशभेद क्लबच्या कारभारातच मुरलेला आहे असं निघालं आणि अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी पद सोडलं.

कीथ गावापर्यंत अण्णा गप्प. मग म्हणाले, "मग आपण ह्यांच्यात कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. नीटसं आजही येत नाही. नऊ वर्षांत स्टँडमध्ये मला स्वतःला एकदाच काहीतरी ऐकावं लागलं, आणि बोलणाऱ्याला गप्प बसवलं ते त्याच्या मागे बसलेल्या, त्याच मफलरमधल्या म्हातारीने. हे उत्तर नव्हे, पण अण्णांना तेवढंच सांगितलं. तुमच्यावर वेळ आली तर वाद घालू नका. मैदानाच्या पडद्यावर तक्रारीसाठी फोन नंबर दाखवतात, त्यावर जागेचा नंबर मेसेज करा, माणसं येतात.

ॲडलेड ओव्हल मात्र देखणं मैदान आहे. स्टेशनाजवळून टॉरेन्स नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की समोरच. एका टोकाला गवताचा उतार, त्यामागे वडाच्या जातीची अवाढव्य झाडं आणि १९११ चा हाताने आकडे बदलायचा स्कोअरबोर्ड. जमलं तर त्या उतारावरच बसा. "इथंच ना आपण छत्तीसला गुंडाळलो?" अण्णांनी विचारलं. होय, इथेच. सामना शेवटच्या मिनिटापर्यंत लोंबकळत राहिला आणि आपण सहा गुणांनी, म्हणजे एका गोलाने, जिंकलो. लिंबू-मिरचीविना. त्यावर अण्णांनी काही मत दिलं नाही.

सगळ्यात जपून आखायचा दिवस २५ एप्रिल, अँझॅक डे, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. कॉलिंगवूड विरुद्ध एसेंडन हा सामना १९९५ पासून त्या दिवशी होतो. तिकिटं विक्रीला आली की लगेच संपतात, त्यामुळे हा सामना बघायचाच असेल तर आधी क्लबचं सभासदत्व घ्या आणि त्यात हा सामना येतो का ते वाचून घ्या. दुकानं दुपारी एकपर्यंत बहुतेक बंद, डब्याची तयारी आदल्या रात्री करा. पहाटे श्राइनवर, म्हणजे युद्धस्मारकावर, मानवंदनेला जायचं असेल तर वयस्करांना दोन्ही झेपणार नाही, एक निवडा. आणि मैदानात निदान पाऊण तास आधी बसा, कारण खरा प्रसंग सामन्याआधीचा आहे. त्या दिवशी ९५,१७९ माणसं होती. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही सैनिकांना निरोपाची धून वाजली आणि त्यानंतरच्या शांततेत मला आमच्या पुढच्या रांगेतल्या बाळाच्या तोंडातली चुपणी ऐकू येत होती. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत आपली, भारतीय, खेचरांची पथकंही होती हे मी अण्णांना कुजबुजत सांगायला गेलो, तर त्यांनी माझा हात दाबला.

शेवटच्या क्वार्टरमध्ये आपण २८ गुणांनी मागे होतो. जिंकलो १३ ने. आपला निक डेकॉस त्या दिवशी चेंडूला चिकटूनच होता. त्याचा बाप पीटरही याच क्लबचा मोठा खेळाडू. बापाने शंभर सामने खेळले असतील तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबचा, असा इथे नियम आहे. अण्णांना हा नियम बिहाइंडपेक्षा पुष्कळच पटला.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते परत गेले. बॅगेत वजन जास्त भरत होतं, काउंटरवर लोकरीचा मफलर काढून गळ्यात घातला आणि तसाच ठेवला. आठवड्याने भावाने फोटो पाठवला: शाहू स्टेडियम, दुपारचे चार, सगळे घामाने निथळताहेत, आणि अण्णांच्या खांद्यावर काळा-पांढरा मफलर.