भरपाईचा फटका

गेली चार वर्षे मी माझ्या भाच्याची बॅग उचलतो आहे. तो व्यावसायिक गोल्फ खेळतो आणि मी त्याचा कॅडी आहे, असे सांगितले की आमच्या शिवाजी पेठेत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्यात एवढे कसले टेन्शन? चेंडू जागेवर थांबलेला, अंगावर कुणी येत नाही, आणि वेळ तर भरपूर. ज्या गावात खासबागेत कुस्त्या बघत आणि शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघासाठी घसा बसवत माणसे मोठी होतात, त्या गावात हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मिळाले आणि ते आम्हा दोघांनाही फार महाग पडले.

पात्रता स्पर्धेचा चौथा, म्हणजे शेवटचा दिवस होता. पुढच्या मोसमात खेळण्याचे कार्ड ज्या रेषेवर मिळणार होते, तिच्यापेक्षा दोन फटके कमी घेऊन आम्ही आत होतो आणि दोनच होल उरले होते. सोळाव्या होलवर जेमतेम दोन हातांवरून त्याने पट, म्हणजे चेंडू कपात ढकलायचा हलका फटका, चुकवला होता. चेंडू कपाच्या कडेला घासून बाहेर थांबला तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त पटरची मूठ दोनदा मांडीवर आपटली. सतराव्यावर त्याचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, उजवीकडे झाडीत गेला. आम्ही पोहोचलो तर चेंडू सुक्या पानांवर, दोन खोडांच्या मागे पडलेला. त्या खोडांमधली फट मला आजही दिसते. खिडकीच्या एका झडपेएवढी असेल. डावीकडे मात्र सगळे मोकळे होते. वेजने, म्हणजे जवळचे फटके मारायच्या क्लबने, चेंडू आडवा फेअरवेच्या मोकळ्या पट्ट्यावर काढला असता तर एक फटका गेला असता, त्याहून जास्त काही नाही. त्याने लांब मारायचे चार नंबरचे आयर्न काढले.

"मामा, जातंय की तिथनं."

मी त्याच्या मानेकडे पाहिले. शीर तटतटली होती. नियमाप्रमाणे वैयक्तिक स्पर्धेत फेरी चालू असताना खेळाडूला सल्ला देण्याचा अधिकार फक्त त्याच्या कॅडीला असतो. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या प्रशिक्षकालाही तो नसतो. म्हणजे त्या क्षणी त्याला थांबवू शकणारा एकच माणूस होता, आणि तो माणूस म्हणाला, "तुला वाटतंय तर मार."

चेंडू डाव्या खोडावर आदळला आणि आणखी आत गेला. चार पारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपणे अपेक्षित असलेल्या, त्या होलवर आठ लागले. अठराव्यावर त्याने बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी घेतला, आणि तरीही एका फटक्याने कार्ड हुकले. परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून किणीच्या टोलनाक्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. झोपलाही नाही. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तर गाडीतून उतरला नाही.

त्या चार नंबरच्या आयर्नला मी तेव्हापासून भरपाईचा फटका म्हणतो. सोळाव्यावर गेलेला एक फटका सतराव्यावर वसूल करायचा, हा त्यामागचा हिशेब होता. पहिल्या चुकीची किंमत एक फटका होती. ती पुसायला मारलेल्या फटक्याने होलवर चार जास्त घेतले. गोल्फमधला मानसिक ताण म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, की भीती हा त्याचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे ती ही वसुलीची घाई.

ही घाई या खेळात इतकी का पोसली जाते, याचे कारण त्याच्या वेळेच्या हिशेबात आहे. गोल्फच्या नियमांत एका फटक्यासाठी चाळीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये, अशी शिफारस आहे. सत्तर फटक्यांची फेरी धरली तर सगळे मिळून पाऊण तास होतो. प्रत्यक्ष क्लब फिरण्याची क्रिया तर दीड-दोन सेकंदांची. फेरी मात्र साडेचार-पाच तास चालते, आणि उरलेले चार तास खेळाडू चालत असतो व चालता चालता स्वतःशी बोलत असतो. फुटबॉलमध्ये चूक झाली तर पुढच्या क्षणी चेंडूमागे धावावेच लागते, त्यामुळे शरीरच मनाला सोडवून घेते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. हरलेला पैलवान माती झटकून हौद्याबाहेर येतो. गोल्फमध्ये पाठ टेकल्यावर उठायचे, दोनशे मीटर सावकाश चालत जायचे आणि त्याच हातांनी पुढचा फटका मारायचा. त्या दोनशे मीटरांत नाडी वाढलेली असते, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो आणि क्लबवरची मूठ नकळत आवळलेली असते. मूठ आवळली की मनगटे आखडतात, आणि क्लबचे तोंड चेंडूपाशी जेवढे सरळ यायला हवे त्याहून अंशभर उघडे राहते. कपाचा व्यास १०८ मिलिमीटर आहे. तो अंशभर फरक तिथे पुरेसा असतो.

जगातले मोठमोठे खेळाडूही या घाईपुढे हरलेले आहेत, हे मी त्या हिवाळ्यात भाच्याला वाचून आणि जुनी चित्रणे दाखवून सांगत राहिलो. १९९९ साली स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी येथील ओपन स्पर्धेत जाँ वान द वेल्द हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. चार पारचा होल सहा फटक्यांत संपवला तरी तो विजेता ठरणार होता. त्याचा ड्राइव्ह उजवीकडे भरकटला, पण खेळण्याजोग्या जागी पडला. तिथपर्यंत काहीही बिघडले नव्हते. पुढचा फटका त्याने छोटा आणि सुरक्षित न मारता थेट ग्रीनच्या, म्हणजे कपाभोवतीच्या हिरवळीच्या, दिशेने मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून मागे उंच गवतात आला, तिथून तिसरा फटका ओढ्यात गेला, आणि शेवटी सात फटके लागले. बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. पॅन्टचे पाय वर दुमडून ओढ्याच्या पाण्यात उभा असलेला वान द वेल्द जगाच्या लक्षात राहिला. मला मात्र त्याआधीचा दुसरा फटका जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पाण्यात उतरण्याची वेळ त्या निर्णयाने आणली होती.

रोरी मॅकिलरॉयची गोष्ट याहून मोठी आहे, कारण ती एका दुपारीत संपत नाही. २०११ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी सकाळी त्याच्याकडे चार फटक्यांची आघाडी होती. त्याने ८० फटक्यांची फेरी खेळली आणि तो संयुक्त पंधराव्या स्थानावर गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. दोन महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. इथे गोष्ट संपली असती तर ती सोपी झाली असती. पण २०१४ नंतर दहा वर्षे त्याला एकही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, जिंकता आली नाही, आणि २०२४ च्या यूएस ओपनमध्ये सोळाव्या आणि अठराव्या होलवर अगदी जवळचे पट चुकवून तो एका फटक्याने हरला. २०२५ च्या मास्टर्सच्या शेवटच्या दिवशीही तेराव्यावर साध्या वेजने मारलेला चेंडू त्याने ओढ्यात घातला आणि अठराव्यावर पाच-एक फुटांचा पट चुकवला. जस्टिन रोजबरोबर प्लेऑफ खेळावा लागला. प्लेऑफसाठी परत टीकडे, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेकडे, जाताना त्याचा कॅडी आणि बालमित्र हॅरी डायमंड त्याला जे म्हणाला, ते मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: सोमवारी सकाळी कुणी आपल्याला ही संधी देऊ केली असती, तर आपण ती हसत घेतली असती. रोरीने प्लेऑफचा पहिलाच होल बर्डीने जिंकला आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू ठरला.

एक कॅडी म्हणून मी या वाक्यावर फार विचार केला आहे. त्यात धीर दिलेला नाही की उपदेश केलेला नाही. चुकलेल्या पटाच्या नुकसानीवर अडकलेले मन त्याने उचलून आठवड्याच्या सुरुवातीला नेऊन ठेवले, जिथे अजून काहीच गमावलेले नव्हते. मी "तुला वाटतंय तर मार" म्हणालो, त्या जागी असे काहीतरी म्हणायला हवे होते.

आपल्याकडची उदाहरणे भाच्याला जास्त जवळची वाटली, आणि ते स्वाभाविक आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता; शेवटच्या टप्प्यात एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. दहा महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेम धरायच्या टप्प्यानंतर तो सहावा होता. तिथून त्याने वसुलीची घाई न करता एकेक गोळी मारत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. नेमबाजी आणि गोल्फ यांचे नाते मला फार जवळचे वाटते. दोन्हीकडे लक्ष्य हलत नाही, हलते ते मन. ऑगस्ट २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचा गाळ आम्ही अजून घरातून काढत होतो, त्या शनिवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदाच गोल्फ पाहिले, कारण अदिती अशोक टोकियोत पदकासाठी खेळत होती आणि तिची आई तिची बॅग उचलत होती. एका फटक्याने तिचे कांस्य हुकले. लोक हळहळले आणि विसरले. तिने मात्र २०२३ मध्ये केनियात आणि स्पेनमध्ये स्पर्धा जिंकल्या. जॅक निकलस अठरा मेजर जिंकला, हे सगळ्यांना माहीत असते. तो एकोणीस वेळा दुसरा आला, हे फारसे कुणी सांगत नाही.

हरण्याला पैशांचीही बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दोन दिवसांनंतर कट चुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्या खेळण्याची पात्रता हुकली, की बहुतेक स्पर्धांत हातात काहीच पडत नाही. प्रवास, मुक्काम, प्रवेश फी सगळे घरचे. तीन-चार कट लागोपाठ चुकले की मुलगा पट मारताना चेंडूऐवजी माझ्या बहिणीने बँकेतून काढलेली रक्कम बघू लागतो. हा ताण श्वासाच्या व्यायामाने जात नाही. आम्ही त्यावर एवढेच केले, की वर्षभराच्या खर्चाची रक्कम मोसमाआधी बाजूला काढली आणि तिचा हिशेब त्याच्याकडून काढून माझ्याकडे घेतला.

त्या हुकलेल्या कार्डानंतर तो पुण्यात एका क्रीडा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागला. घरात हे सांगणे सोपे गेले नाही. माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "पोराचं डोस्कं बरं हाय न्हवं?" मी तिला म्हणालो, "आबा तालमीत होते तेव्हा वस्ताद फक्त जोर-बैठकाच बघायचे का? पोरगं जेवतंय का, झोपतंय का, कुस्ती हरल्यावर कुणाशी बोलतंय का, हेही बघायचेच की." त्यावर ती गप्प झाली, आणि नंतर तो पुण्याला निघाला की डब्यात भाकरीबरोबर एक लाडू जास्त जाऊ लागला. खेळाडूने मनासाठी मदत मागितली की त्याला कमकुवत समजायचे, ही आपल्या गावातली सवय मला मनापासून चुकीची वाटते. गुडघा दुखावला तर आपण मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेतो.

बाईंनी त्याला एक वही ठेवायला लावली. तीत फटक्यांची संख्या लिहायची नाही. प्रत्येक अडचणीच्या चेंडूपुढे दोनच नोंदी करायच्या: निर्णय कसा होता आणि फटका कसा बसला. पहिल्या महिन्यातच आम्हाला दिसले, की वाईट बसलेले फटके सगळ्या होलवर विखुरलेले आहेत, पण वाईट निर्णय मात्र जवळजवळ नेहमी वाईट फटक्याच्या लगेच पाठोपाठ आलेले आहेत. हे मी त्याला तोंडाने शंभर वेळा सांगितले असते तरी त्याला पटले नसते. स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर पटले. दुसरी गोष्ट ओल्या टॉवेलची. फटका झाला की तो क्लब माझ्याकडे देतो, मी तोंडावरची माती आणि गवत पुसतो, क्लब बॅगेत सरकवतो. तोपर्यंत चिडायची, बोलायची, हळहळायची मुभा आहे. क्लब बॅगेत गेल्याचा आवाज झाला की तो फटका संपला. सुरुवातीला मला हे लुटुपुटुचे वाटले होते. आता कधी मी पुसायला उशीर केला तर तो वळून बघतो.

आणि तिसरी गोष्ट माझ्यासाठी होती. झाडीत, गवतात, पाण्याकाठी मी काय बोलायचे, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले. मी फक्त एक प्रश्न विचारायचा: हाच चेंडू पहिल्या दिवशी सकाळी, पहिल्या होलवर असता, तर कुठला क्लब काढला असतास?

गेल्या महिन्यात दुसऱ्या दिवशीच्या फेरीत, चौदाव्यावर, कट हातातून निसटत असताना त्याचा चेंडू पुन्हा झाडीत गेला. आम्ही चालत गेलो. समोर फट होती, सतराव्यावरच्या त्या फटीपेक्षा थोडी मोठीच. मी बॅग खाली ठेवली आणि प्रश्न विचारायला तोंड उघडले, तेवढ्यात तो म्हणाला, "वेजच काढला असता, मामा." चेंडू आडवा फेअरवेवर आला, होल पाचात संपला आणि पुढचे चार होल त्याने पारमध्ये खेळले. दोन फटक्यांनी कट चुकला.

स्कोअरकार्डावर सही करून झाल्यावर तो पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसला आणि वहीत चौदाव्यापुढे लिहिले: निर्णय बरोबर, फटका बरोबर. मग बूट काढून चपला घातल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसला. खेड शिवापूर ओलांडण्याआधीच त्याला झोप लागली. साताऱ्याला मी एकटाच चहा प्यायलो. किणीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग होती, मागचे हॉर्न वाजत होते, तरी त्याला जाग आली नाही.