दोन माणसांमधल्या दोन रेघा

आमच्या वेळी शनिवारची शाळा सकाळची भरत असे आणि तिचा शेवटचा तास मराठीच्या सरांनी अवांतर वाचनासाठी राखून ठेवलेला होता. दहावीच्या वर्षी त्यांनी त्या तासाला रणजित देसाई यांची थोरल्या माधवराव पेशव्यांवरची कादंबरी ‘स्वामी’ घेतली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचे लेखक चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सोयरिकी काही तुटल्या नाहीत. वर्गातल्या कितीतरी मुलांचे पाहुणे कोवाडच्या बाजूला असल्याने हा लेखक आम्हांला घरचाच वाटे.

सर कथानक सांगत नसत; ते आम्ही घरी वाचून यायचे. तासाला ते फळ्यावर पात्रांची नावे ऐसपैस अंतर सोडून लिहीत आणि कोणत्याही दोन नावांमध्ये एक नव्हे, दोन रेघा ओढायला लावत. एक रेघ माधवरावांकडून त्यांचे काका राघोबादादांकडे, दुसरी राघोबादादांकडून माधवरावांकडे. प्रत्येक रेघेवर त्या माणसाला समोरच्याकडून काय हवे आहे ते मोजक्या शब्दांत लिहायचे आणि शेजारी पान क्रमांक टाकायचा. ‘काका-पुतण्या’ हे उत्तर त्यांना चालत नसे. तेवढे वंशावळीतही सापडते, असे ते म्हणत.

आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची मुले, भाऊबंदकी आम्हांला शिकवावी लागत नव्हती. त्यामुळे राघोबादादांचा निकाल आम्ही पहिल्याच तासाला लावून टाकला.

“काका वाईटच की हो, सर!” मागच्या बाकावरून एकजण म्हणाला.

“मग आळेगावला काकांकडून लढाईत हरल्यावर पुतण्या स्वतः होऊन काकांच्या छावणीत का गेला?” सरांनी विचारले.

“हरला म्हणून गेला की.”

“हरलेला माणूस पळूनही जातो. पान काढ.”

१९६२ च्या त्या कादंबरीतला १७६२ चा तो प्रसंग आम्ही मग नव्याने वाचला. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेला हा मुलगा काकांपुढे नमतो, तेव्हा त्याच्या मनात राज्य फुटू नये ही काळजी आहे, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आहे, आणि पुढे कधीतरी हिशेब करावा लागणार याची जाणीवही आहे. एका रेघेवर एवढे सगळे मावेना, तेव्हा सरांनी फळा पुसला आणि आळेगावपूर्वीची आकृती वेगळी व नंतरची वेगळी काढायला सांगितले. १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव होऊन त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले, त्यानंतरची तिसरी. नाते कादंबरीभर एका जागी उभे राहत नाही, हे आम्हांला त्या तीन आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले. तोवर कोणी समजावून सांगितले असते तरी पटले नसते.

त्यांची दुसरी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. एखादे नाव ते तळहाताने पुसून टाकत आणि विचारत, “हा माणूस नसता तर बाकीच्यांविषयी आपल्याला काय कळले नसते?” न्यायाधीश रामशास्त्री पुसले गेले, तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता. कारभार सोडून पूजाअर्चेत गुंतलेल्या पेशव्यांना त्यांचे कर्तव्य तोंडावर सुनावणारे शास्त्रीबोवा नसते, तर माधवराव रागीट आहेत एवढेच दिसले असते. स्वतःची चूक ऐकून घेण्याची त्यांची ताकद दिसली नसती. माधवरावांच्या आई गोपिकाबाईंचे नाव पुसल्यावर तर काका-पुतण्यांच्या दोन्ही रेघाच बदलल्या, कारण दिराविषयीचा त्यांचा संशय दोघांच्या मध्ये सतत उभा होता.

माधवरावांच्या पत्नी रमाबाईंपाशी मात्र ही पद्धत अडली, असे माझे मत आहे. आम्ही मुलांनी त्यांची एकच रेघ काढली, माधवरावांकडे जाणारी. मुलींनी ती मान्य केली नाही. सासूबाईंशी त्या कशा वागतात, कोणत्या प्रसंगी बोलण्याचे टाळतात, याची पाने मुलींनी काढून आणली आणि न बोललेल्या गोष्टीचा पान क्रमांक कसा द्यायचा, असा सरांनाच प्रश्न केला. सरांनी तो वहीत लिहून घ्यायला सांगितले. उत्तर त्यांनी दिले नाही, आणि थेऊरला माधवरावांचा मृत्यू होतो तो शेवट वाचून झाला तरी तो वाद मिटला नव्हता.

परीक्षेत यातले काही येत नसे. तिथे ‘स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न असे आणि करारी, न्यायप्रिय, कर्तव्यदक्ष अशी विशेषणे ओळीने लिहिली की गुण मिळत. सरांनाही ते ठाऊक होते. मार्च जवळ आला की तेही निमूटपणे विशेषणे लिहून देत.

शाळेच्या महोत्सवासाठी जमलेल्या निधीतून ग्रंथालयासाठी पुस्तके घेण्याचा विचार होत असेल, तर माजी विद्यार्थी म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आमच्या वर्गात ‘स्वामी’च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या प्रती होत्या, त्यांची पाने जुळत नसत, आणि अर्धा तास प्रसंग शोधण्यात जाई. शंभर निरनिराळी पुस्तके घेण्यापूर्वी दोन-तीन चांगल्या कादंबऱ्यांच्या, प्रत्येकी एकाच आवृत्तीच्या, वर्गाला पुरतील एवढ्या प्रती घ्याव्यात आणि शनिवारचा तो शेवटचा तास मराठीच्या शिक्षकांना परत द्यावा.